आधी डेटा, मग फॉरमॅट : काँप्युटर सपोर्टचं काम कोणत्या क्रमाने शिकावं

हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स करून आलेल्या मुलासमोर अडलेलं मशीन ठेवलं, की त्याचा हात आधी पेनड्राइव्हकडे जातो. "फॉरमॅट मारू, होईल." कधीकधी होतंही. पण त्यात ग्राहकाची टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) जाते, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे फाँट जातात. मूळ दोष रॅमचा असला तर आठवड्याने मशीन पुन्हा दारात येतं ते वेगळंच. चूक माहितीत नसते, क्रमात असते. डेस्कटॉप सपोर्ट, फील्ड इंजिनियर किंवा हेल्पडेस्कच्या पहिल्या पायरीच्या नोकरीसाठी काय शिकायचं आणि कशाच्या आधी काय, ते इथे त्याच क्रमाने दिलं आहे.

## १. सरावाचं मशीन आणि पिशवी

घरातल्या चालू लॅपटॉपवर शिकू नका. एक जुना डेस्कटॉप घ्या, डीडीआर३ या जुन्या पिढीच्या रॅमचा असला तरी चालेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत आणि बहुतेक जिल्ह्याच्या ठिकाणी जुने सुटे भाग विकणारी दुकानं असतात. मुद्दाम एक बिघडलेली रॅम आणि एक खराब हार्ड डिस्कही मागून घ्या. बिघाड ओळखायला बिघडलेली वस्तू हाताखालून जावी लागते.

पिशवीत हे हवं :

- फिलिप्स स्क्रूड्रायव्हर : कॅबिनेटसाठी २ नंबर, लॅपटॉपसाठी ० आणि १ नंबर
- मल्टिमीटर
- दोन पेनड्राइव्ह : एकावर विंडोज (किमान ८ जीबी), दुसऱ्यावर लाइव्ह लिनक्स
- साटा-टू-यूएसबी केबल (सुटी डिस्क यूएसबीला जोडणारी). अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते. साडेतीन इंचीला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, तो नसला की "डिस्क मेली" असा चुकीचा निष्कर्ष निघतो.
- सीआर२०३२ सेल (मदरबोर्डवरचा नाण्यासारखा), थर्मल पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, पेन्सिलीचा खोडरबर
- क्रिंपिंग टूल, आरजे४५ कनेक्टर (नेटवर्क केबलच्या टोकाचे), लॅन टेस्टर
- चालू असल्याची खात्री असलेला एक एसएमपीएस (कॅबिनेटमधली वीज पुरवणारी पेटी) आणि एक रॅम

यादीतली शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. निदानाचं निम्मं काम म्हणजे संशयित भाग काढून खात्रीचा भाग लावून पाहणं. तुमचा "खात्रीचा" भागच संशयित असेल तर दिवस वाया गेला म्हणून समजा.

तपासा : मशीन पूर्ण सुटं करून परत जोडा, असं तीनदा. तिसऱ्या वेळी एकही स्क्रू उरता कामा नये आणि मशीन पहिल्या झटक्यात सुरू व्हायला हवं. फ्रंट पॅनेलच्या बारीक वायरी काढण्याआधी फोटो घ्या. पॉवर स्विचच्या दोन पिना उलटसुलट लागल्या तरी चालतं, एलईडीच्या चालत नाहीत.

## २. वीज समजल्याशिवाय कॅबिनेट उघडू नका

कोर्समध्ये हा भाग एका तासात उरकतात. ग्रामपंचायतीत, शाळेत, जुन्या वाड्यातल्या ऑफिसात मात्र निम्म्या तक्रारी इथूनच सुरू झालेल्या असतात.

"कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात" ही तक्रार घ्या. मशीन खराब नसतं, अर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्ही कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात. अर्थ जोडलेला असेल तर तो किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. नवा एसएमपीएस बसवून हे जात नाही. तरी बसवला जातो, आणि ग्राहकाला बिल लागतं.

मोजायचं असं : मल्टिमीटर एसी ७५० किंवा ६०० च्या रेंजवर ठेवा. फेज-न्यूट्रल साधारण २३०, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ फारच कमी आलं तर अर्थ तुटलेला आहे. तसं लिहून द्या आणि वायरमनला बोलवायला सांगा. सॉकेट तुम्ही उघडू नका.

एसएमपीएसची तपासणी त्यानंतर. पिवळी वायर १२ व्होल्ट, लाल ५, नारिंगी ३.३, काळी ग्राउंड. जांभळी ५ व्होल्टची स्टँडबाय आहे, मशीन बंद असतानाही ती चालू असते. चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडली की एसएमपीएस बोर्डाशिवाय सुरू होतो. दाब ५ टक्क्यांच्या आत हवा : पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५. काही नव्या एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्या असतात. तिथे रंगावर नाही, पिनेच्या जागेवर जावं लागतं.

फक्त पंखा फिरला म्हणून एसएमपीएस चांगला ठरत नाही. रिकामा असताना बरोबर दाब देणारा एसएमपीएस लोड आला की कोसळू शकतो. म्हणूनच पिशवीत खात्रीचा दुसरा हवा.

सावधान : एसएमपीएसची पेटी उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतो. ब्लोअरने धूळ काढताना पंखा बोटाने धरून ठेवा. हवेने गरगर फिरला तर बेअरिंग जातं.

## ३. आधी विचारा

"सीपीयू बिघडलाय" म्हणजे कॅबिनेट चालू होत नाही. "नेट गेलंय" म्हणजे बहुतेकदा एकच साइट उघडत नाही. ग्राहकाचे शब्द दुरुस्त करत बसू नका, त्यांचा अर्थ काढा. तीन प्रश्न पुरतात : नेमकं काय दिसतं? शेवटचं नीट कधी चाललं आणि त्यानंतर काय बदललं? ही अडचण एकाच मशीनवर आहे की शेजारच्या टेबलावरही?

फोनवर ते असं चालतं :

"अहो, नेटच बंद आहे सकाळपासून."
"ठीक आहे मॅडम. व्हॉट्सॲप वेब उघडतंय का त्याच मशीनवर?"
"ते चालू आहे. पोर्टल नाही उघडत."
"खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दाखवतंय?"
"एक जानेवारी... आणि वर्ष जुनंच काहीतरी."

मदरबोर्डवरचा सेल संपलाय. तारीख मागे गेली की साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र अवैध ठरतं आणि ब्राउझर अडवतो. काही साइट आधीच उघडून ठेवलेल्या असल्या तर चालत राहतात, म्हणून ग्राहकही गोंधळतो. तारीख दुरुस्त करून काम सुरू करून द्या, जाताना सेल घेऊन जा. राउटर रीस्टार्ट करून, ब्राउझर काढून परत टाकून अर्धा तास जातो तो हे न विचारल्यामुळे.

दुसरी नेहमीची गंमत : "रोज बंद करते हो मी." टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली सीपीयूवर क्लिक करा, मशीन किती दिवस सुरू आहे ते दिसतं. तिथे तेवीस दिवस दिसले तरी मॅडम खोटं बोलत नसतात. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनने विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर साठवून ठेवला जातो. रीस्टार्टने मात्र होतो. म्हणून "बंद करून चालू करा" नव्हे, "रीस्टार्ट करा" म्हणा.

## ४. डेटा : इथे घाई केली तर नोकरी जाते

काहीही पुसण्याआधी डिस्कची तब्येत पाहा. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत साधनात रिअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (वाचताना अडलेले) सेक्टर, म्हणजे डिस्कचे तुकडे, यांचे आकडे पाहा. पेंडिंग शून्यापेक्षा जास्त आणि वाढत असेल तर आधी कॉपी, बाकी सगळं नंतर. अशा डिस्कवर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं साधन) चालवू नका. ते डिस्कला आणखी राबवतं, शिवाय जे सापडत नाही ते कापून टाकतं. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर वीज काढा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवा. प्रत्येक वेळी सुरू करून पाहण्यात उरलासुरला डेटा जातो.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स तर सगळेच घेतात. विसरलं जातं ते हे :

- टॅली. टॅलीप्राइमचा डेटा सहसा सी ड्राइव्हवर यूजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा इथे असतो, पण अंदाजावर जाऊ नका. कंपनी निवडण्याच्या पडद्यावर मार्ग लिहिलेला असतो, तो बघा.
- मराठी फाँट. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा जुन्या फाँटमधली पत्रं फाँट नसला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसतात. विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून ते कॉपी करा. सॉफ्टवेअरची सीडी, डाँगल, लायसन्स कुठे आहे ते विचारा.
- आउटलुक. पॉप पद्धतीचं (मेल सर्व्हरवरून मशीनवर उतरवून घेणारं) खातं असेल तर जुनी मेल फक्त पीएसटी फाइलमध्ये असू शकते. ओएसटी ही सर्व्हरवरच्या मेलची प्रत, ती पुन्हा तयार होते, पीएसटी नाही.
- वनड्राइव्ह. ढगाचं चिन्ह असलेली फाइल डिस्कवर नसतेच. डिस्क बाहेर काढून कॉपी करायला गेलात तर ती हाती लागत नाही.
- डिजिटल सहीचं टोकन. त्याचा ड्रायव्हर नंतर टाकावा लागतो. टोकनच्या साधनात "इनिशिअलाइझ" असं बटण दिसलं तर हात लावू नका, आतली सही पुसली जाते.
- बिटलॉकर. विंडोज ११च्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेलं असेल तर डिस्क बहुधा बिटलॉकरने एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असते आणि मालकाला ते माहीतही नसतं. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) बदल केला की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती त्यांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. आधी की, मग बायोस.

त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर ठेवलेली प्रत म्हणजे बॅकअप नाही. बाहेरच्या डिस्कवर घ्या. मूळ आणि प्रत दोन्हींची फाइलसंख्या आणि आकार जुळवा, तीन-चार फाइल्स प्रत्यक्ष उघडून पाहा. ग्राहकालाही दाखवा : "काका, हे तुमचं सगळं आलंय ना? आणखी काही कुठे ठेवलेलं होतं?" या प्रश्नाला हमखास एक फोल्डर निघतो.

## ५. डिस्प्ले येत नाही : बाहेरून आत

क्रम मोडू नका आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदललेत आणि मशीन सुरू झालं, तर दोष कशात होता ते कळत नाही.

1. मॉनिटरचा दिवा, वीज, इनपुट. एचडीएमआयला केबल आणि मेनूत व्हीजीए, हा प्रकार रोजचा.
2. केबल कुठे लावलीय? ग्राफिक्स कार्ड असेल तर कार्डाला. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ आहे त्यात ग्राफिक्स नसतंच, मदरबोर्डचं पोर्ट मुकं राहतं.
3. पंखे फिरतात का, बीप येतो का, बोर्डावरचे छोटे एलईडी काय दाखवतात?
4. वीज काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. मग रॅम काढा. सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कण ब्रशने झटका. पेनची शाई खोडणारा खरखरीत रबर वापरू नका, मुलामा जातो.
5. एकच रॅम लावून पाहा, मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा सहसा योग्य.
6. सेल काढून किंवा जंपरने (बोर्डावरच्या दोन पिना जोडणाऱ्या टोपीने) बायोसच्या सेटिंग मूळपदावर आणा.
7. खात्रीचा एसएमपीएस.
8. तरीही नाही, तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसर. इथे थांबा आणि वरिष्ठांना सांगा.

सावधान : रॅम बसत नसेल तर जोर लावू नका. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना आहेत, पण खाच वेगळ्या जागी आहे. जोराने स्लॉट तुटतो आणि पाचशेचं काम पाच हजारांवर जातं.

## ६. आता विंडोज

इथे पोचायला पाच टप्पे लागले, ते मुद्दाम. विंडोज टाकणं सोपं आहे, चुकतं ते भोवतालचं.

विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट चालणारं यूईएफआय (बायोसचं नवं रूप), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासून पुढे. जुन्या मशीनवर पळवाटेने टाकता येतं, पण ग्राहकाला न सांगता टाकू नका.

सेटअपमध्ये सी, डी ही अक्षरं दिसत नाहीत. डिस्क ०, पार्टिशन ३ आणि आकार, एवढंच. इथेच डी ड्राइव्ह उडतो. दोन डिस्क असतील तर डेटाच्या डिस्कची साटा केबल आधी काढून ठेवा. एकच डिस्क असेल तर पार्टिशनचे आकार कागदावर लिहून घ्या.

डिस्कच दिसत नाही? इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपांवर हे नेहमीचं आहे. निर्मात्याच्या साइटवरून व्हीएमडीचा (इंटेलच्या डिस्क-कंट्रोलरचा) ड्रायव्हर काढून पेनड्राइव्हवर ठेवा आणि "लोड ड्रायव्हर"मधून द्या. वाय-फायचा ड्रायव्हरही आधीच सोबत घ्या. विंडोज ११चा सेटअप इंटरनेट मागतो आणि ड्रायव्हर नसेल तर तिथेच अडून बसतो.

लॅपटॉपसोबत बहुधा होम सिंगल लँग्वेज आवृत्ती येते आणि तिची की बायोसमध्येच असते. तीच आवृत्ती टाकली तर ॲक्टिव्हेशन आपोआप होतं. "प्रो चांगलं असतं" म्हणून प्रो टाकलं की ते जातं, आणि मग कोणीतरी ॲक्टिव्हेटर शोधतं. क्रॅक आणि ॲक्टिव्हेटरपासून लांब राहा. त्यातून व्हायरस येतो आणि तो कोणी टाकला याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. लॅपटॉपसोबत ऑफिस आलेलं असेल तर ते कोणत्या मेल आयडीवर आहे ते पुसण्याआधी विचारून ठेवा.

तपासा : डिव्हाइस मॅनेजरमध्ये एकही पिवळं चिन्ह नाही. आवाज, कॅमेरा, प्रिंट, टॅली, मराठी टायपिंग ग्राहकासमोर चालवून दाखवलं.

## ७. नेटवर्क आणि प्रिंटर

नेटवर्कचा क्रम एका ओळीत : पोर्टचा दिवा, मग आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता), मग राउटरला पिंग (उत्तर येतं का पाहणारी आज्ञा), मग ८.८.८.८ या बाहेरच्या इंटरनेटवरच्या गूगलच्या पत्त्याला पिंग, मग नावाने पिंग. जिथे अडलं तिथे दोष. आयपीकॉन्फिग या आज्ञेत १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरकडून आयपी मिळालेलाच नाही. केबल, स्विच, डीएचसीपी (राउटरची आयपी वाटणारी सोय) बघा. ८.८.८.८ उत्तर देतो आणि नावाने काही उघडत नाही, तर डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सोय).

आरजे४५ची बी पद्धत पाठ हवी : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरपाशी पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडू नका आणि बाहेरचं आवरण क्लिपखाली आलंच पाहिजे. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तरी नेट चालतं, कारण शंभर एमबीपीएसला १, २, ३, ६ याच पिना लागतात. तेव्हा "चालतंय" यावर समाधान मानू नका, लिंक स्पीड १००० दिसतो का पाहा.

प्रिंट अडली तर प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी) सर्व्हिस थांबवा, सिस्टिम३२मधल्या स्पूल फोल्डरखालच्या प्रिंटर्समधल्या फाइल्स काढा, सर्व्हिस सुरू करा. नेटवर्क प्रिंटर दर काही दिवसांनी "ऑफलाइन" होत असेल तर त्याचा आयपी बदलतोय. राउटरमध्ये तो राखून ठेवा. पुन्हापुन्हा प्रिंटर ॲड करत राहिलात तर यादीत "कॉपी १", "कॉपी २" अशी जत्रा भरते आणि ग्राहक चुकीच्या नावावर प्रिंट देतो.

## ८. नोंद

"पीसी चालत नव्हता, केला." अशा नोंदीचा कोणालाच उपयोग नाही. अशी लिहा :

"अकाउंट्स, टेबल ३. सकाळपासून डिस्प्ले नाही. मॉनिटर दुसऱ्या मशीनवर ठीक. दोनपैकी एक रॅम काढल्यावर सुरू. काढलेली रॅम दुसऱ्या मशीनवरही बीप देते. सध्या ४ जीबीवर चालू. ८ जीबी डीडीआर४ मागवायची. टॅली उघडून मॅडमना दाखवली."

दुसऱ्या दिवशी तुमच्या जागी कोणी वेगळा गेला तरी त्याला पुन्हा मॉनिटर तपासावा लागत नाही. नोंदीत पासवर्ड कधीही लिहू नका. रिमोटवर असताना पासवर्ड ग्राहकाला स्वतः टाकू द्या. ओटीपी मागू नका, सांगितला तरी ऐकून घेऊ नका.

## ९. प्रमाणपत्र आणि मुलाखत

एमएस-सीआयटी हा वापरणाऱ्याचा कोर्स आहे, दुरुस्ती करणाऱ्याचा नाही. तो असावा, पण त्यावर तंत्रज्ञाची नोकरी मागू नका. आयटीआयमध्ये कोपापेक्षा (काँप्युटर ऑपरेटरच्या ट्रेडपेक्षा) हार्डवेअर आणि नेटवर्क मेंटेनन्सचा ट्रेड या कामाच्या जवळचा. कॉम्पटिया ए प्लस या सपोर्टच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राला दोन पेपर, प्रत्येकी ९० मिनिटं आणि जास्तीत जास्त ९० प्रश्न. मोठ्या कंपनीच्या हेल्पडेस्कला उपयोगी. तालुक्याच्या दुकानात मालक तो कागद वाचणारही नाही, समोर मशीन ठेवेल. अभ्यासक्रम मात्र चांगला आहे, परीक्षा न देताही वापरा.

मुलाखतीत रॅम सैल करून किंवा बूटचा क्रम बदलून मशीन पुढे ठेवण्याची पद्धत आहे. हात लावण्याआधी विचारा : काय दिसत होतं, यात डेटा आहे का, उघडायची परवानगी आहे का. नंतर जे कराल ते तोंडाने सांगत करा. बघणाऱ्याला तुमचा क्रम बघायचा असतो. फील्डच्या जागेसाठी दुचाकी आणि लायसन्स विचारतातच. तेव्हा पेट्रोलचे पैसे किलोमीटरवर मिळतात की महिन्याला ठरावीक, आणि बदललेला भाग हरवला तर तो कोणाच्या पगारातून कापतात, हे तुम्हीही विचारून घ्या.